दूरचें भिंग

शाळेंतून निवृत्त झालेल्या मास्तरास एखादा नवा छंद जडला कीं घरच्या मंडळींच्या पोटांत गोळा उठतो. कारण आजवर जो मनुष्य दुसऱ्यांच्या मुलांस शिकवून स्वतः थकत असे, तो आतां स्वतः शिकूं लागतो आणि घरास थकवितो. आमच्या घरींही हा अनुभव यंदा आला. परंतु आमच्या छंदाचें मूळ आमच्या हौशींत नसून आमच्या सौभाग्यवतीच्या एका साध्या प्रश्नांत होतें, हें आरंभींच सांगितलें पाहिजे. नाहींतर वयाच्या चौसष्टाव्या वर्षीं पेन्शनीचे पैसे कॅमेऱ्याच्या भिंगांत घालणाऱ्या मनुष्याविषयीं वाचकांचा भलताच ग्रह व्हावयाचा.

गेल्या पौषांत न्हाणीघरांत पाय घसरून तिच्या खुब्याचें हाड मोडलें. शस्त्रक्रिया नीट झाली, परंतु तीन महिने पायरी चढूं-उतरूं नये अशी डॉक्टरांची सक्त ताकीद होती. दापोली तालुक्यांतील आमचें घर जुनें, उंच जोत्यावर बांधलेलें. ओटीवरून अंगणांत उतरावयाचें म्हटलें तरी चार पायऱ्या. तेव्हां ओटीलगतच्या खोलींत खिडकीशीं पलंग टाकला आणि तेथेंच तिचा मुक्काम झाला. त्या खिडकींतून समोरच्या माडाचा बुंधा तेवढा दिसे; शेंडा दिसत नसे. आणि नेमक्या त्या न दिसणाऱ्या शेंड्यावर ब्राह्मणी घारीच्या जोडप्यानें घरटें बांधलें.

ही घार गांवांतील नेहमींच्या मातकट घारीहून निराळी. डोकें व छाती शुभ्र, बाकीचें अंग विटकरी तांबूस. खाडीकांठचे मासे व खेकडे हें तिचें आवडतें अन्न. संस्कृतांत तिला क्षेमंकरी असें नांव आहे. क्षेम करणारी ती क्षेमंकरी, हें आम्हीं वर्गांत अनेकदां सांगितलें असेल. त्याची प्रचीति मात्र यंदा आली. तो माडही साधा नव्हता. आमच्या लग्नाच्या वर्षीं मातोश्रींनीं नव्या सुनेच्या हातून तो लावविला होता. पुढें तोच माड एका भांडणाचें मूळ झाला, तें यथाकाल येईलच.

फाल्गुनांत वरून पिल्लांचा बारीक, कांपरा, किंचित् रडका स्वर ऐकूं येऊं लागला. एके दिवशीं तिनें विचारलें, “अहो, पिल्लं किती आहेत हो? एक का दोन?” प्रश्न लहान होता, पण दिवसभर छताकडे पाहत पडलेल्या माणसाचा तो होता. आम्ही अंगणांत जाऊन मान दुखेपर्यंत वर पाहिलें आणि परत येऊन “सांगतां येत नाहीं” असें उत्तर दिलें. शिक्षकाच्या तोंडीं हें वाक्य शोभत नाहीं. पाडेल्यास वर चढविलें असतें तर एका मिनिटांत उलगडा झाला असता. पण पिल्लें असतांना घरट्याशीं गेल्यास आईबाप बिथरतात व कधीं कधीं घरटेंही सोडतात. शिवाय पिल्लूं दीड-दोन महिन्यांत उडून जातें. म्हणजे जें करावयाचें तें दुरून आणि लवकर करावयास हवें होतें.

प्रथम मोबाइलनें फोटो काढून पाहिला. घरट्याच्या ठिकाणीं एक काळा ठिपका उमटला, आणि तो बोटांनीं मोठा करूं जावें तों चौकोनी ठिपक्यांची रांगोळी झाली. तेव्हां आम्हांस आमच्या दिवंगत मेहुण्यांच्या कॅमेऱ्याची आठवण झाली. निकॉन एफएम२ जातीचा, १९८२ सालीं प्रथम बाजारांत आलेला, फिल्मवर चालणारा. प्रकाशमापकापुरती काय ती बॅटरी लागते, बाकी सारें यंत्र चावीच्या घड्याळासारखें. मेहुण्यांच्या पश्चात् तो आमच्या कपाटांत स्वस्थ बसला होता. भावाचा कॅमेरा हातीं घेतांना सौभाग्यवतीचे डोळे भरून आले, आणि फोटो काढावयाचा तर ह्याच कॅमेऱ्यानें, हें न बोलतां ठरलें. पेटींत दोन भिंगें होतीं: एक नेहमींचें ५० मिलिमीटरांचें व दुसरें १३५ मिलिमीटरांचें.

हे मिलिमीटर म्हणजे भिंगाचें नाभीय अंतर. दूरच्या वस्तूचें बिंब भिंगाच्या पाठीमागें जितक्या अंतरावर स्पष्ट पडतें, तें हें अंतर होय. तें जितकें अधिक, तितकें फिल्मवरील बिंब मोठें. भास्कराचार्यांच्या लीलावतींत त्रैराशिक आहे. त्यांतील तीन राशींस प्रमाण, फल आणि इच्छा अशीं नांवें आहेत. आम्हीं हिशेब मांडला. माडाच्या सावलीवरून उंची काढली: घरटें आमच्या डोळ्यांच्या पातळीहून १६ मीटर वर, बुंधा ओटीपासून १२ मीटर दूर, म्हणून कर्ण २० मीटर. तीन-चार-पांच ह्या प्रमाणाचा असा सुबक जात्य त्रिकोण परीक्षेच्या पेपरांतसुद्धां सहसा सांपडत नाहीं. घार सुमारें ४५ सेंटिमीटर लांब. २० मीटर हें प्रमाण, ४५ सेंटिमीटर हें फल, आणि भिंगाचें नाभीय अंतर ही इच्छा. उत्तर आलें: ५० च्या भिंगानें फिल्मवर घार सव्वा मिलिमीटरसुद्धां होत नाहीं, १३५ च्या भिंगानें ती तीन मिलिमीटर होते. फिल्मची चौकट ३६ बाय २४ मिलिमीटर. तींत तीन मिलिमीटरांची घार म्हणजे पाटावर पडलेला तांदळाचा दाणा. तरीही काळ्या ठिपक्याहून बरी, म्हणून आम्हीं १३५ चें भिंग चढविलें व एक संपूर्ण रोल खर्ची घातला.

रोल मुंबईहून धुऊन आला. गणित बरोबर होतें. चित्र मात्र व्यर्थ होतें. छत्तिसांपैकीं छत्तीस चित्रांत घरट्याचा तळ दिसत होता: काटक्या, सुंभ, कोठूनशी आणलेली निळ्या दोरीची लड. पिल्लें त्या काटक्यांच्या पलीकडे असणार, हें त्यांच्या ओरडण्यावरूनच कळावयाचें. चित्रें थोडीं धुरकटही होतीं. भिंगांत टॉर्च मारून पाहिलें तों कांचेच्या आंत कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतू पसरलेले. कोंकणच्या दमट हवेंत भिंगास बुरशी लागते, आणि तें कपाटांत बंद करून आपण तिला आयतें घरच देतों, हा धडा आम्हांस तेव्हां मिळाला.

आमची अशी समजूत झाली कीं, दोष भिंगाचा. ह्याहून लांबचें घेतलें कीं काम झालें. म्हणून सौभाग्यवतीस बहिणीच्या स्वाधीन करून आम्हीं मुंबई गांठली. फोर्टांतील बोरा बझार रस्त्यावर कॅमेऱ्यांचीं दुकानें आहेत. तेथील एका जुन्या दुकानांत शिरलों. दुकानदार आमच्याच वयाचे, अबोल, पण जाणते. त्यांनीं निळ्या मखमलीवर तीन भिंगें मांडलीं, आणि पुढचा तासभर आम्ही विद्यार्थी झालों.

टेलिफोटो भिंग म्हणजे नुसतें लांब भिंग नव्हे. ३०० मिलिमीटर नाभीय अंतराचें साधें भिंग केलें तर तें फिल्मपासून हातभर लांब धरावें लागेल. पुढें बहिर्गोल कांचांचा व मागें अंतर्गोल कांचांचा संच बसविला म्हणजे तेंच काम आंखूड नळींत होतें. ही युक्ति १८९१ सालीं इंग्लंडांत डॉलमायर ह्यांनीं व जर्मनींत मीथे आणि स्टाइनहाइल ह्यांनीं, एकमेकांच्या मदतीवांचून, जवळजवळ एकाच वेळीं साधली.

समोरच्या तिन्हींपैकीं पहिलें २०० मिलिमीटरांचें, छिद्रांक ४. वजन अर्ध्या किलोच्या आसपास, हातांत सहज मावणारें. दुसरें ३०० चें, छिद्रांक ४·५. वजन सुमारें एक किलो, तिपाईवर बसविण्यासाठीं त्यास स्वतःचें कडें. तिसरें ५०० चें, पण दिसण्यांत सर्वांत बुटकें. कारण त्याच्या आंत आरसे असतात व प्रकाश दुमडून मागेंपुढें फिरविला जातो. मोह अर्थात् त्याचाच झाला. पण दुकानदारांनीं तें कॅमेऱ्यावर चढवून आमच्या डोळ्याशीं धरलें, तेव्हां मधल्या वर्तुळाचा अर्धा भाग काळा पडला. त्या वर्तुळांतील दोन अर्धीं चित्रें जुळवून फोकस साधावयाचा असतो. त्या भिंगाचा छिद्रांक ८ हा एकच व कायमचा. इतक्या थोड्या प्रकाशांत ती सोय चालत नाहीं, मग सारी भिस्त नजरेवर. आमच्या एका डोळ्यांत मोतीबिंदूची सुरुवात आहे. शिवाय पार्श्वभूमींतील चमकणारे ठिपके ह्या भिंगानें बांगडीसारखे पोकळ उमटतात. माडाच्या झावळ्यांतून गळणाऱ्या उन्हांत अशा बांगड्यांचें दुकानच मांडलें गेलें असतें. ‘डब्लर’ नांवाची एक जोडकांचही मिळते. ती लावली कीं १३५ चें भिंग २७० चें होतें, पण प्रकाश चौपट कमी होतो, आणि भिंगांतील दोषही चित्राबरोबर दुप्पट मोठे होतात. बुरशीला दुप्पट करण्याची आमची इच्छा नव्हती.

एक सूचना त्यांनीं आपण होऊन दिली, ती जुनें भिंग घेणाऱ्यानें ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. निकॉनच्या भिंगांचें तोंड १९५९ पासून तेंच असलें तरी १९७७ च्या आधींचीं, छिद्राच्या कड्याची सुधारणा न झालेलीं भिंगें एफएम२ वर चढवूं नयेत. कॅमेऱ्यास इजा होते. बसतें म्हणून चालतें असें नाहीं, हें विवाहसंबंधांइतकेंच येथेंही खरें.

शेवटीं आम्ही ३०० व ५०० ह्यांमध्यें घुटमळत असतां दुकानदारांनीं चष्मा कपाळावर नेला आणि म्हणाले, “मास्तर, पक्षी कोणता तें सांगितलंत, पैसे किती तें सांगितलंत, पण तुम्ही उभे कुठं राहणार, तें नाहीं सांगितलंत.”

आम्हीं अंगण सांगितलें, पहिल्या रोलाची कथाही सांगितली. त्यांनीं तिन्ही भिंगें पुन्हां कागदांत गुंडाळलीं. “मग आज कांहीं घेऊं नका. अंगणांतून हें पांचशेचं लावलंत तर घरट्याचा तळ जास्त मोठा दिसेल, इतकंच. आधी जागा ठरवा. जागेवरून अंतर ठरेल, अंतरावरून भिंग. फोन करा, मी पाठवतों.” घरीं आलेलें गिऱ्हाईक रिकाम्या हातीं परत लावणारा दुकानदार आम्हीं आयुष्यांत प्रथमच पाहिला.

गांवीं परत येईपर्यंत एसटीच्या खिडकीशीं बसून आम्ही मनांत माडाभोंवतीं प्रदक्षिणा घालीत होतों. महाभारताच्या आदिपर्वांतील द्रोणाचार्यांच्या परीक्षेची गोष्ट आम्हीं वर्षानुवर्षें मुलांना सांगितली. झाडावर कृत्रिम भास पक्षी ठेवला. युधिष्ठिरास झाड, भाऊ, गुरु, पक्षी, सारें दिसलें म्हणून तो नापास. अर्जुनास पक्ष्याचें मस्तक तेवढें दिसलें म्हणून तो पहिला. टेलिफोटो भिंग हें अर्जुनाची दृष्टि आहे खरें. परंतु कोठें उभें राहावें हें ठरवावयाचें तर झाडाच्या आजूबाजूस काय आहे, कोण आहे, हें पाहणारी युधिष्ठिराची दृष्टि आधीं हवी. आणि तीच नेमकी आम्हीं मिटून घेतली होती. कारण घरट्याच्या पातळीची जागा साऱ्या वाडींत एकच होती: आमच्या पूर्वेकडील शेजाऱ्यांची गच्ची. त्यांचें नवें घर चढणीवर आहे व दुमजली आहे. आणि त्या घराची पायरी आम्ही काहीं वर्षांत चढलों नव्हतों.

आतां भांडण सांगतों. ३ जून २०२० रोजीं ‘निसर्ग’ वादळ आमच्या किनाऱ्यावर आलें आणि नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. आमचेही निम्म्याहून अधिक माड गेले. हा एक उरला, पण गडग्याच्या पलीकडे, शेजाऱ्यांच्या गोठ्यावर कलला. नारळ व झावळ्या गोठ्यावर पडूं लागल्या. ते म्हणाले, “माड तोडा.” आम्ही म्हणालों, “वादळानें राखला तो आम्ही तोडणार नाहीं.” मातोश्रींनीं सुनेच्या हातून लावविलेला माड, हें कारण आम्हीं त्यांना सांगितलें नाहीं, त्यांनींही नुकसानीचा आकडा सांगितला नाहीं. पुढें ग्रामपंचायतींत अर्ज गेले, आणि गणपतींत एकमेकांच्या घरीं आरतीस जाणें थांबलें. कौलें फुटल्याची तक्रार ते वाढवून सांगतात, असें आमचें ठाम मत होतें. कारण आमच्या ओटीवरून दिसणारी गोठ्याच्या छपराची बाजू चांगली धड होती.

दोन दिवस आम्ही गप्प होतों. तिसऱ्या दिवशीं सौभाग्यवती म्हणाली, “भिंगाला चौदा हजार द्यायला निघालात. गच्ची विचारायला काय पैसे पडतात?”

तेव्हां आम्ही गेलों. दारांत काय बोलावें ह्याची वाक्यें पाठ केली होतीं, त्यांतील एकही लागलें नाहीं. शेजारी बाहेर आले, क्षणभर पाहत राहिले आणि म्हणाले, “या मास्तर. वहिनींचं कळलं होतं. यावं असं मनांत होतं.” पुढचें वाक्य त्यांनीं गिळलें. आम्हीं घारीचें सांगितलें. ते पुढें होऊन जिना चढूं लागले. “जपून, तिसरी पायरी हलते,” एवढेंच बोलले.

गच्चीवर गेलों आणि प्रश्नाचें उत्तर नुसत्या डोळ्यांनींच मिळालें. घरटें समोर, जणूं तबकांत ठेवल्याप्रमाणें. त्यांत दोन तपकिरी गोळे हलत होते. पण त्याच नजरेंत खालचा गोठाही आला, आणि त्याच्या छपराची ती बाजू, जी आमच्या ओटीवरून कधींच दिसत नव्हती. तिच्यावर तीन रंगांचीं कौलें होतीं: जुनीं शेवाळलेलीं काळीं, त्यांत बसविलेलीं तांबूस, आणि त्यांतही अलीकडचीं लालभडक. एका कोंपऱ्यावर ताडपत्री ओढून दगड ठेवले होते. शिक्षकाची संवय म्हणून आम्ही मोजूं लागलों आणि साठांच्या पुढें मोजणें सोडून दिलें. शेजारी आमच्याकडे पाहत नव्हते, मुद्दामच नसावेत.

अंतर मोजावयाचें होतें. आम्हीं टेपचें एक टोंक धरून शेंड्याच्या बरोबर खालीं उभे राहिलों. दुसरें टोंक त्यांनीं आपल्या भिंतीशीं धरलें. पंचवीस मीटर भरलें. अंगणांतल्यापेक्षां पांच मीटर अधिक दूर, पण येथून दिसत होतें. पुन्हां त्रैराशिक केलें: ३०० च्या भिंगानें घार फिल्मवर ५·४ मिलिमीटर, आठ बाय बारा इंचांच्या कागदावर ती साडेचार सेंटिमीटर, म्हणजे खऱ्या घारीच्या एक-दशांश. चौकटींत मावणारें क्षेत्र तीन मीटर लांब व दोन मीटर उंच. आईबाप मासा घेऊन उतरले तरी पंखांसकट मावतील. ५०० च्या भिंगांत तेंच क्षेत्र १·८ बाय १·२ मीटर. पिल्लें पंख झाडूं लागलीं कीं अर्धें चित्र बाहेर. मुंबईस फोन केला, आणि चौथ्या दिवशीं भिंग आलें. टॉर्च मारून पाहिलें. कांच स्वच्छ होती.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं सातास गच्चीवर तिपाई उभी केली. ऊन पाठीशीं, वारा मात्र खाडीवरून थेट. हातांत धरून फोटो काढावयाचा तर जितके मिलिमीटरांचें भिंग, सेकंदाच्या निदान तितकाव्या भागांत काढावा, असा जुना नियम आहे. पण लांब भिंगांत जसें चित्र मोठें होतें तसा हाताचा कंपही, आणि साठी उलटलेल्या हातांत तो कांहींसा अधिकच असतो. तिपाईसुद्धां थरथरत होती. तिच्या मधल्या दांड्यास कांहीं वजन टांगावें असें आम्ही म्हणालों, तेव्हां शेजारी खालीं जाऊन पिशवींत दोन सुके असोले नारळ घेऊन आले. पिशवी हुकास अडकवीत म्हणाले, “हे तुमचेच. गेल्या आठवड्यांतले, गोठ्यावरचे.”

त्यांच्या बोलण्यांत टोमणा नव्हता. म्हणून तें अधिक लागलें. आम्हीं कौलांचा विषय काढला. चुकलें असें स्पष्ट म्हटलें. आजपर्यंतच्या कौलांचे पैसे देऊं, आणि दर दोन महिन्यांनीं पाडेल्याकडून माड साफ करवूं, असेंही म्हटलें. माड कोणीं लावला तेंही तेव्हांच प्रथम सांगितलें. ते बराच वेळ घरट्याकडे पाहत होते. “हें आधीं सांगितलं असतंत तर,” ते म्हणाले, आणि थोड्या वेळानें, “मीही गच्चीवर बोलवायला हवं होतं. आधी पिल्लं उडूं देत, मग बघूं.” ४०० वेगाची फिल्म, छिद्रांक ८, सेकंदाचा पांचशेवा भाग. घार मासा घेऊन आली कीं ते हळूच “आली” म्हणत आणि आम्ही केबल दाबीत असूं. शेवटचें, छत्तिसावें चित्र उरलें, तें आम्हीं भिंग खालीं वळवून आमच्या घराचें काढलें.

चित्रें धुऊन येईतों चैत्र उजाडला. त्याच सुमारास पिल्लें उडालीं, हें आवाज थांबल्यावरून सौभाग्यवतीनेंच आधीं ओळखलें. ती आतां वॉकर घेऊन ओटीपर्यंत येत होती. लिफाफा तिनें स्वतः फोडला. एका चित्रांत आई चोंचींत मासा धरून कडेवर बसलेली, आणि दोन्ही पिल्लें माना ताणून उभीं. तिनें चित्र बराच वेळ जवळ धरलें, मग लांब धरलें. “डावीकडचं हट्टी दिसतंय,” ती म्हणाली. “कॅमेरा दादाचा, म्हणून इतकं छान आलंय.” चौदा हजारांच्या भिंगाचें श्रेय असें परस्पर माहेरीं गेलें.

छत्तिसावें चित्र पाहून मात्र ती चकित झाली. त्यांत शेजाऱ्यांच्या गोठ्याचीं तीन रंगांचीं कौलें आणि त्यांना अगदीं चिकटून आमची खिडकी. मधला गडगा व अंगण नाहींसेंच झालें होतें. हें भिंगाचें लबाडीचें काम, असें पुष्कळांस वाटतें. तसें नाहीं. त्याच गच्चीवरून ५० च्या भिंगानें फोटो काढून त्याचा मधला तुकडा मोठा केला, तरी दोन्ही घरें तशींच चिकटलेलीं दिसतील. वस्तूंमधलें अंतर चित्रांत किती दिसावें, हें भिंग ठरवीत नाहीं. आपण कोठें उभे आहों, तें ठरवितें. भिंग फक्त बाकीचें वगळतें.

पाडेली वैशाखांत येऊन माड साफ करून गेला; उतरविलेल्या नारळांपैकीं निम्मे गडग्यापलीकडे पोंचले. कौलांच्या पैशांचा निकाल अजून लागावयाचा आहे. ते घेत नाहींत आणि आम्ही सोडीत नाहीं, म्हणजे भांडण्यास कांहीं तरी शिल्लक आहे. भिंग सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झांकणाच्या डब्यांत ठेवलें आहे; पावसाळा तोंडावर आला. आमच्या छंदाचा बोभाटा झाल्यापासून गांवांतील तरुण “गुरुजी, दूरचं भिंग कोणतं घ्यावं?” असें विचारावयास येतात. आम्ही त्यांना दुकानदारांचाच प्रश्न विचारतों, आणि उत्तर नसेल तर भिंगाविषयीं कांहींच न बोलतां घरीं पाठवितों.